स्विच कोणाच्या हाती?

या पानावर महागाई भत्ता, वेतन आयोग किंवा पेन्शन यांबद्दल वाचायला मिळेल, या अपेक्षेने आपण अंक उघडला असेल. ते विषय आहेतच आणि त्यांवर आम्ही लिहीत राहूच. आज मात्र आम्ही एका स्विचबद्दल लिहिणार आहोत. लाकूडकामाच्या शेडमधील धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचा, म्हणजे डस्ट कलेक्टरचा हा स्विच. हा विषय अग्रलेखाचा आहे काय, असे कोणी विचारील. त्याने पुढचा मजकूर वाचावा आणि मग ठरवावे.

चेन्नईला गेलो असता एका स्थानिक सहकाऱ्याने आम्हाला एका लहानशा खाजगी शेडमध्ये नेले. शेडचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण अशा शेड प्रत्येक शहरात आहेत. प्लायवूड आणि बोर्ड कापून देण्याचे काम तिथे चालते. एक गोल करवत, एक पट्टा करवत, एक रंधा मशीन आणि दोन सँडिंग मशीन. प्रत्येक मशीनला पाईप जोडलेला होता आणि सारे पाईप मागच्या भिंतीतून बाहेर गेले होते. बाहेर पत्र्याच्या छपराखाली डस्ट कलेक्टर. त्याचा आवाज फार, म्हणून तो बाहेर बसवलेला. त्याचा स्टार्टरही तिथेच, त्याच्या शेजारच्या भिंतीवर.

आम्ही गेलो तेव्हा गोल करवत चालू होती आणि डस्ट कलेक्टर बंद होता. करवतीवरच्या वयस्क सुताराच्या भुवया, पापण्या, कानाची पाळी, सारे भुशाने पिवळट झाले होते. यंत्र का लावले नाही, असे आमच्या सहकाऱ्याने तमिळमध्ये विचारले. सुताराने उत्तर दिले नाही. त्याने हातातली फळी खाली ठेवली आणि तो चालू लागला. आम्ही त्याच्या मागून पावले मोजत गेलो. मशीनपासून दारापर्यंत, दारातून बाहेर, शेडला वळसा घालून स्टार्टरपर्यंत एकंदर त्रेचाळीस पावले झाली. परत तेवढीच. येऊन त्याने पुन्हा फळी उचलली. तो काप पुरा व्हायला अर्धे मिनिटही लागले नाही.

आता हिशेब करा. दिवसाकाठी असे सुटेसुटे साठ काप असतील आणि प्रत्येक वेळी यंत्र लावायला आणि बंद करायला जायचे झाले, तर एका कापामागे एकशे बहात्तर पावले होतात. साठ कापांची दहा हजारांहून जास्त. एवढे कोण चालेल? आणि चालला तर त्याचा सुपरवायझर त्याला जागेवर न राहिल्याबद्दल काय म्हणेल? बरे, सकाळी एकदा लावून दिवसभर चालू ठेवावे, तर मालक विजेच्या बिलाकडे बोट दाखवतो. म्हणजे यंत्र आहे, पाईप आहेत, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवायला सारे काही आहे, आणि धूळ मात्र माणसाच्या नाकात जाते. वर ठपका कामगारावरच, की ‘आम्ही सोय केली, हेच लोक वापरत नाहीत’. हे वाक्य आम्ही आजवर इतक्या ठिकाणी ऐकले आहे की ते छापील परिपत्रक वाटू लागले आहे.

या शेडच्या मालकाने पुढे एक चांगली गोष्ट केली होती, हे सांगणे न्यायाचे होईल. त्याने स्टार्टरवर एक रिसीव्हर बसवला आणि किल्लीच्या जुडग्याएवढा रिमोट आणला. बटण दाबले की भिंतीपलीकडचे यंत्र सुरू. पहिले काही आठवडे सारे आनंदात होते. मग एकदा रिमोट भुशात हरवला. शोधून काढला, पुन्हा हरवला. तेव्हा मालकाने तो सुपरवायझरच्या खिशात दिला. तिथून पुढे यंत्र सुपरवायझर शेडमध्ये असेल तेव्हा आणि त्याच्या मनात असेल तेव्हाच चालू लागले. आम्ही गेलो त्या दिवशी तो बाहेर गेला होता आणि रिमोटही त्याच्याबरोबर गेला होता.

एवढ्यावर भागले नव्हते. काही महिन्यांपूर्वी पाईपात लाकडाची लांब चीप अडकली म्हणून एक हेल्पर मागे जाऊन पंख्याच्या तोंडातून ती हाताने ओढून काढत होता. आत कोणालाच माहीत नव्हते. चीप निघाली, त्याने हात बाहेर घेतला आणि दोन-तीन क्षणांत पंखा सुरू झाला. आतून कोणीतरी बटण दाबले होते. हेल्परने ही हकीगत आम्हाला हसत हसत सांगितली. आम्हाला हसू आले नाही.

धुळीबद्दल थोडे बोलू. लाकडाचा भुसा म्हणजे काय विष आहे काय, असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. सुताराच्या घरी जन्मलेल्याला भुशाचा वास आवडतो, हेही खरे. पण इंग्लंडमधील हाय वायकोम हे खुर्च्या आणि फर्निचर बनवणारे गाव आहे. तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की, एरवी क्वचितच आढळणारा नाकातील पोकळ्यांचा एक कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो आहे. त्यांनी डोनाल्ड ॲचेसन आदी डॉक्टरांबरोबर याचा माग काढला आणि १९६० च्या दशकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग लाकडाच्या धुळीशी जोडलेला निघाला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हेही त्याच गटात आहेत. युरोपीय संघाने जानेवारी २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा हवेच्या एका घनमीटरला २ मिलिग्रॅम एवढी खाली आणली आहे. चिमूटभर मीठ यापेक्षा कितीतरी जड असते.

हा कर्करोग व्हायला बहुधा तीस-चाळीस वर्षे लागतात. म्हणजे नोकरीत असताना काही कळत नाही. निरोपसमारंभ होतो, घड्याळ मिळते, आणि आजार पेन्शनच्या काळात येतो, जेव्हा त्याचा संबंध शॉपशी जोडणारे कोणी उरत नाही. दमा, सर्दी, डोळ्यांची आग आणि सागवान किंवा शिसवीच्या धुळीने अंगावर उठणारे चट्टे त्याआधी येतात. त्यांना आपण ‘हवामान’ म्हणतो. चेन्नईच्या दमट हवेत तर हे कारण फारच सोयीचे आहे.

डोळ्यांना दिसणारा भुसा खाली पडतो, तो झाडूने गोळा करता येतो. जी बारीक धूळ दिसत नाही ती हवेत तासन्‌तास तरंगते. करवत थांबली तरी ती असतेच. म्हणून काप झाल्याबरोबर यंत्र बंद करणे हेही चूकच, ते पुढे थोडा वेळ चालले पाहिजे. आणि कापडी पिशवीचे साधे कलेक्टर शेडच्या आत बसवलेले असतील तर जाड भुसा पिशवीत राहतो आणि बारीक धूळ कापडातून गाळून आपल्याच अंगावर परत येते. पिशवी कोणत्या कापडाची आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

चेन्नईचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. दक्षिणेतील पहिली आगगाडी १ जुलै १८५६ रोजी तिथल्या रोयापुरमहून सुटली. पेरांबूरचा परिसर तर रेल्वे कामगारांचाच. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्‌घाटन झाले आणि १९६२ मध्ये डब्यांची आतली सजावट करणारा फर्निशिंग विभाग तिला जोडला गेला. आपण मुंबई, पुणे, भुसावळ, नागपूरला ज्या निळ्या डब्यांतून आयुष्यभर फिरलो त्यांतले कित्येक तिथे तयार झाले. त्या डब्यांच्या जमिनीला राळेत दाबलेले कॉम्प्रेग प्लायवूड असे. जुन्या धाटणीच्या डब्यांचे उत्पादन तिथे २०१८ मध्ये थांबले आणि एलएचबी व वंदे भारत आल्या. आतल्या पॅनेलमध्ये लाकूड कमी झाले, काचतंतूचे एफआरपी वाढले. धूळ गेली नाही, तिची जात बदलली. कॉम्प्रेग कापताना लाकडाबरोबर राळही उडते, एफआरपी घासताना काचेची कुसळे उडतात. आपल्या माटुंगा आणि लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये डबे दुरुस्तीला येतात तेव्हा जुने आणि नवे दोन्ही सामान कापावे लागते. त्यामुळे हा प्रश्न चेन्नईचा तेवढाच मुंबईचाही आहे.

त्याच पेरांबूर भागात बकिंगहॅम अँड कर्नाटिक ही प्रसिद्ध कापड गिरणी होती. तिच्या कामगारांनी २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियनची स्थापना केली, बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष झाले. देशातील पहिल्या संघटित कामगार संघटनांमध्ये तिची गणना होते. त्या कामगारांच्या पहिल्या तक्रारींत एक तक्रार होती दुपारच्या जेवणाला मिळणाऱ्या अपुऱ्या वेळेची. काही मिनिटांचा प्रश्न! स्विचसारखी बारीक गोष्ट संघटनेने कशाला हातात घ्यावी, असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की आपली चळवळ अशाच बारीक गोष्टींतून उभी राहिली आहे.

कायदा काय म्हणत होता ते पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम १४ सांगत असे की, धूळ श्वासात जाऊ नये आणि कामाच्या जागी साचू नये यासाठी परिणामकारक उपाय योजले पाहिजेत, आणि धूळ ओढणारे साधन लागत असेल तर ते धूळ जिथे निघते तिथून शक्य तितके जवळ बसवले पाहिजे. साधन जवळ हवे, असे कायद्याने म्हटले. त्याचा स्विच कुठे असावा, हे म्हटले नाही. त्या फटीतूनच ती त्रेचाळीस पावले आली. दुसरे कलम २४. यंत्राची वीज तोडणारे साधन चुकून बंदवरून चालूवर जाण्याजोगे असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था पाहिजे, अशी तरतूद त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आली. त्या हेल्परचा हात याच तरतुदीचा विषय होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. धूळविरहित जागेची भाषा नव्या संहितेतही आहे. पण विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. आम्ही पाहिलेल्या शेडमध्ये आठ-नऊ माणसे होती. रेल्वेचे काम जसजसे कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदाराकडून अशा शेडकडे जाते आहे, तसतशी आपल्या कामाची धूळ कायद्याच्या नजरेआड जाते आहे.

आता रिमोटकडे वळू. आम्ही रिमोटच्या विरोधात नाही. उलट, जिथे तार ओढणे अवघड आहे तिथे तो बसवावा, असे आमचे मत आहे. मात्र तो कसा बसवावा, हे ठरवताना आपल्यातल्या इलेक्ट्रिशियन बंधूंना खोलीत बोलवा.

बाजारात घरगुती दिवे-पंख्यांचे रिमोट स्वस्तात मिळतात. ते मोटरला थेट जोडू नयेत. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर चालताना सुमारे सात-आठ ॲम्पिअर करंट घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या सहापट. लहान रिलेचे पॉइंट या झटक्याने वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग बटण कितीही दाबा, यंत्र बंद होत नाही. रिमोटने फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. ओव्हरलोड रिले जागच्या जागी राहावा. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, कोणीतरी पुन्हा बटण दाबले तरच व्हावे. टीव्हीसारखा प्रकाशाच्या किरणांवर चालणारा रिमोट धुळीत आणि भिंतीआड कामाचा नाही. रेडिओ लहरींचा चालतो, पण त्याची खूण वेगळी असली पाहिजे, नाहीतर शेजारच्या शेडच्या बटणावर आपले यंत्र नाचू लागेल. करवत किंवा रंधा मशीन मात्र रिमोटवर कधीही घेऊ नये. ती ज्याने लावायची त्याने समोर उभे राहून लावावीत. आणि संकटकाळी थांबवण्याचे लाल बटण तारेचेच हवे, कारण रिमोटचा सेल नेमका कधी संपेल हे कोण सांगणार?

याहूनही चांगला मार्ग आहे आणि तो जुनाच आहे. करवतीच्या स्टार्टरमधूनच डस्ट कलेक्टरला इशारा द्यायचा. करवत लावली की क्षणभराने कलेक्टर लागतो, करवत थांबली की तो आणखी काही वेळ चालून मग थांबतो. लक्षात ठेवायला नको, चालायला नको, खिशात ठेवायला नको. मोटर घडोघडी सुरू-बंद केली तर तिची वाइंडिंग तापते, म्हणून सलग काम असताना तो चालूच राहील असा वेळ लावावा. कोणत्याही वर्कशॉपचा इलेक्ट्रिकल विभाग हे करू शकतो. पैसे नाहीत, हे कारण आम्हाला पटत नाही.

कुलपाबद्दल मात्र तडजोड नको. रिमोट असो वा आपोआप चालणारी व्यवस्था असो, यंत्र दुरून सुरू होऊ शकते याचाच अर्थ त्याच्याजवळ असलेला माणूस धोक्यात आहे. पिशवी रिकामी करणाऱ्याने, पाईप मोकळा करणाऱ्याने आधी यंत्राजवळचा मुख्य स्विच बंद करावा, त्याला स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. सुपरवायझरच्या नाही. ‘काम चालू आहे’ अशी पाटीही लावावी, पण पाटीने पंखा थांबत नाही. हे साफसफाईचे काम बहुतेक ठिकाणी सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या आणि बहुधा कंत्राटी पोराकडे असते. त्याला कुलूप मागायचे धाडस होणार नाही. ते त्याच्या वतीने आपण मागायचे आहे.

टपाल खात्यातील बंधू-भगिनी म्हणतील, आमच्याकडे कुठे करवती आहेत? करवती नाहीत, पण आरएमएसमध्ये कॅनव्हासची पिशवी उलटी करून झटकली की काय उडते ते आपणच जाणता. मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक ड्रम हवेच्या झोताने साफ करण्याची सवय अजून कुठे असेल तर ती आधी बंद करा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते झोताने सर्व शेडभर जाते. तिथेही धूळ ओढणारे यंत्र हवे आणि त्याचा स्विच काम करणाऱ्याच्या हाताशी हवा. भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन पुरे, असे कोणी म्हणेल. तो फॅन धूळ ओढतो खरा, पण वाटेत तुमच्या तोंडासमोरून नेतो.

मास्क दिले आहेत ना, असे उत्तर प्रशासनाकडून येईल. चेन्नईत मे महिन्यात आठ तास चांगला मास्क घालून करवतीवर उभे राहून दाखवावे, मग चर्चा करू. मास्क हवाच, पण तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

ज्या शाखांच्या क्षेत्रात वर्कशॉप आहेत त्यांनी हा विषय पुढच्या पीएनएम बैठकीत आणि सुरक्षा समितीत लेखी द्यावा. हवेतील धूळ मोजून घेण्याची मागणी करावी. हे मोजमाप करणारी सरकारी संस्था आपल्या मुंबईत शीवला आहे, सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट, आणि चेन्नईत तिची भगिनी संस्था तरमणीला आहे. सुतारकाम, फर्निशिंग आणि पेंटिंग शॉपमधून निवृत्त झालेल्यांच्या तपासणीचा मुद्दाही त्याच पत्रात घालावा, कारण रोग त्यांच्या वाट्याला येतो.

पत्राला जोडायला एक तक्ता लागेल. तो करायला कोणाची परवानगी नको. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी शॉपमध्ये जावे. प्रत्येक मशीनपासून त्याच्या डस्ट कलेक्टरच्या स्विचपर्यंत चालावे आणि पावले मोजावीत. मशीनचे नाव, पावलांचा आकडा, रिमोट असल्यास तो सध्या कोणाकडे असतो, आणि स्विचला कुलूप लावायची सोय आहे की नाही, एवढे चार रकाने भरून त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. येतील ते आकडे आम्ही याच पानावर छापू.